ओदिलच्या भिंतीलगतची ओळ

ओदिल ब्वाचोच्या घरी पेल्यात आधी कासिसचं गोड मद्य पडे, पांढरी अलिगोते वाईन मागाहून. कुणी उलटं ओतलं, की ती पेला सरळ मोरीत रिकामा करी. लग्नकार्यात बुडबुड्यांची वाईन तिला चाले, पण क्रम तोच. फ्रान्समधल्या बूर्गोन्यच्या त्या टेकडीवर तिच्या तोऱ्याला कुणी नावं ठेवत नसे. चाळीस वर्षं कासिसच्या काळ्याभोर फळांचं मद्य तिनंच मुरवलं होतं. फळ किती दिवस मुरत ठेवायचं, हे ती नुसत्या वासावर सांगे.

मळा पुढं भाच्याकडे, फाब्रिसकडे आला. कासिसच्या ओळींत मधूनमधून 'रॉयल' नावाच्या दुसऱ्या जातीची झुडपं होती. त्यांना फळ बेताचंच येई.

"आत्या, ही ऐतखाऊ झुडपं काढतो."

"हात लावून बघ! त्यांच्या परागाशिवाय आपल्या कासिसला फळ धरत नाही."

"मधमाश्या आहेत की."

"आणि त्या आणतील काय, तुझं डोकं?"

ऑक्टोबरात ओदिलच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात असताना शहाण्यानं एकूण एक रॉयल उपटलं.

वसंतात मळा फुलला आणि जूनपर्यंत सगळी फुलं झडून गेली. फळ धरलं ते फक्त ओदिलच्या भिंतीलगतच्या ओळीला, कारण अंगणात तिनं स्वतःची दोन रॉयल झुडपं राखली होती.

फाब्रिस खाली मान घालून आला. "यंदा बाहेरून फळं आणू का?"

"बाटलीवर आपल्या टेकडीचं नाव आहे. आहे तेवढंच करायचं."

एकच छोटं पिंप झालं. जानेवारीत वाईनवाल्यांच्या संत व्हँसाँच्या सणाला सगळं गाव जमलं, तेव्हा प्रत्येकाच्या पेल्यात जेमतेम नखभर कासिस आलं. म्हातारा आन्सेल्म पेला खिडकीकडे धरून म्हणाला, "रंग तोच!"

फाब्रिसचे कान लाल झाले. "मळा मी उजाड केला. आपलं कासिस आत्यानं राखलं," तो सगळ्यांदेखत बोलला.

घरी आल्यावर काठी टेकत ओदिल त्याला परसात घेऊन गेली. तिथं मुळं धरलेली रॉयलची साठ कलमं ओळीनं उभी होती.

"ही कधी लावलीस?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. प्रत्येक झुडपाची एकेक काडी आणली होती. तू उपटणार हे ठाऊक होतं मला. तुला खुरपं धरायला मीच शिकवलंय."