गोळ्या गरम पडल्या

ह्यांच्या फुफ्फुसांना सूज आली आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "डायबिटीस आहे?" हे रुबाबात म्हणाले, "आमच्या घराण्यात कुणालाच नाही." विषय तिथेच मिटला. गोळ्यांनी साखर चढते, रक्त तपासत राहा, असं कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. त्याचा संताप अजून येतो.

दम कमी झाला, पण तहान लागली. तांब्या भरून ठेवावा आणि वळून बघावं तर रिकामा. सारखं बाथरूमला जाणं, तोंडाला कोरड. त्यात बडोद्याचा मे महिना; शंका कुणाला येणार? कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीतून रोज कुणी ना कुणी तब्येत विचारायला यायचं आणि सगळ्यांचं निदान एकच. समोरच्या बेन म्हणाल्या, "दवा गरम पडे छे, भाभी. वरियाळीनुं शरबत आपो, ठंडक थशे."

मी खंडेराव मार्केटमधून बडीशेप आणली, खडीसाखर आणली. बेनही पातेलंभर सरबत करून आणायच्या. हे गटागट प्यायचे, "आता जरा बरं वाटलं" म्हणायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा मागायचे. लग्नापासून माझ्या हातचं काही इतकं मनापासून मागितलं नव्हतं त्यांनी. मी हरखून करत राहिले.

मग ते पेंगुळल्यासारखे राहू लागले. एका सकाळी चहा पुढे केला, तर कप कसा धरायचा हेच उमजेना. दवाखान्यातल्या मशीननं आकडाच दाखवला नाही. साखर तिच्या मापाबाहेर गेली होती. "एवढं गोड कुणी दिलं?" तिथले डॉक्टर खेकसले. शेजारी उभ्या बेन पांढऱ्याफटक पडल्या. "मी," मी म्हणाले.

सलाईन झालं, इन्शुलिन झालं. त्या मेल्या गोळ्या तरी बंद करा म्हटलं, तर एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल म्हणाले. म्हणजे जे मारत होतं तेच चालू ठेवायचं. मी बाहेर बाकावर बसून राहिले. देवाचं नावसुद्धा तोंडात येईना. आधी किडन्या गेल्या, मग हे गेले.

फाइल देताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी शेवटचा एक्स-रे दिव्यासमोर धरला. मला तेवढंच बरं वाटावं, असा त्यांचा हेतू असणार. "जुओ मासी," त्या हळूच म्हणाल्या, "सोजो तो बधो ऊतरी गयो हतो."

मी पाहिलं. फुफ्फुसं अगदी स्वच्छ होती.