पुलावर राहिलेले आप्पा

माझ्या आईचे नाव बोंग-ची. आमच्या होक्क्येन बोलीत त्याचा अर्थ 'असू दे, वाढवू कशीतरी.' तिच्याआधी तिघी झाल्या होत्या. चौथीसाठी नाव शोधण्याचे कष्ट आजोबांनी घेतले नाहीत. असे नाव घेऊन जन्मभर वावरलेली बाई आपल्या मुलीला तरी वेगळे वागवील, असे कोणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षे वाटत होते. तिने मला शिकवले, हे मी नाकारत नाही. तैवानमधल्या ताइनानच्या एका माध्यमिक शाळेत मी वाङ्मय शिकवते ते तिच्याच हट्टामुळे. परंतु घरच्या देव्हाऱ्यात पहिली उदबत्ती कोणी लावायची, याचा निकाल माझा धाकटा भाऊ चिह-हुंग जन्मला त्याच दिवशी लागला होता.

आई-आप्पांचे माशाच्या पेजेचे दुकान होते. आमच्याकडचा दूधमासा म्हणजे काट्यांचे नुसते जाळे. ते काटे आई डोळे मिटून काढी. तिची बोटे त्यामुळे कायमची वाकली आहेत. आप्पा गल्ल्यावर बसत आणि नववर्ष जवळ आले की म्हणत, "यंदा दुकान बंद ठेवू आणि कुठेतरी लांब जाऊ." आई म्हणे, "जा की. पेज मी सांभाळते." दोघांपैकी कोणीही कुठे गेले नाही. आप्पा गेले तेही दुकानातच, पातेल्याला टेकून.

त्यांचे वर्ष झाल्यावर चिह-हुंगने ही यात्रा काढली. त्याची नोकरी सुटली होती आणि रिकाम्या माणसाला असते तशी त्याला मोठमोठ्या बेतांची हौस होती.

"ताई, बघ, पाठीवर पिशव्या टाकायच्या, गावच्या बसमधून हिंडायचं, आठ-दहा जणांच्या खोलीत झोपायचं. बँकॉकहून निघून हानोईपर्यंत. आणि आप्पांनाही न्यायचं."

"आणि पिशव्या कोण उचलणार?"

"तू आहेस ना," तो हसत म्हणाला. "माझा गुडघा माहितीये तुला."

तो विनोद करीत नव्हता. बँकॉक सोडले तेव्हापासून माझी पिशवी माझ्या पाठीवर होती आणि आईची माझ्या पोटावर.

आप्पा आईच्या गळ्यात होते. देव्हाऱ्यातल्या त्यांच्या धूपपात्रातली चिमूटभर राख आईने लाल कापडाच्या पिशवीत बांधून घेतली होती. गेलेले माणूस असे बरोबर नेताना प्रत्येक पुलावर त्याला मोठ्याने सांगावे लागते. नाहीतर ते पाण्याच्या अलीकडेच थांबून राहते. हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. सांगायचे काम मुलाचे. म्हणून मेकाँगच्या पुलावर भर बसमध्ये चिह-हुंग उभा राहिला आणि ओरडला, "आप्पा, पूल आला! चला!" पुढचा ड्रायव्हर दचकला. आईने खिडकीकडे बोट करून पुस्ती जोडली, "आणि डावीकडे बघा हो, म्हशी आहेत."

खरे सांगायचे तर आई या प्रवासात खुलली. सामायिक खोलीत वरच्या खाटेवर घोरणाऱ्या परदेशी पोरांना ती चादर टाकून यायची. बाजारात एकही शब्द येत नसताना बोटांनी भाव पाडायची. प्रत्येक जेवणाला पहिली वाटी आप्पांसमोर ठेवायची, क्षणभर थांबायची आणि मगच आपण घास घ्यायची. मला हगवण लागली, चिह-हुंगची चप्पल चोरीला गेली, एका गावात पलंगावर ढेकूण निघाले. तिची तक्रार नव्हती. तक्रारी करायला मी होतेच.

मग उत्तर लाओसमधला घाट लागला. वळणे अशी की बसमधली निम्मी माणसे प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून बसली होती. आईला बस लागू नये म्हणून गोळी दिली होती, ती गाढ झोपली. चिह-हुंग कानांत गाणी घालून झोपला. मी दोघांच्या मध्ये, दोन पिशव्या मांडीवर घेऊन, जागी. नाम ऊ नदीचा पूल समोर दिसला तेव्हा मी चिह-हुंगला कोपर मारले. "हूं," तो म्हणाला आणि मान दुसरीकडे वळवली. मी पुन्हा मारले. बस पुलावर चढली. शेवटी मीच म्हणाले, "आप्पा, पूल आला. चला." हळू म्हणाले, पण स्पष्ट म्हणाले. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज आहे.

पुढच्या गावी शेवयांच्या दुकानात बसलो. आईने आप्पांची वाटी मांडली आणि हात तसाच ठेवून तिने विचारले, "नदी आपल्या बाजूनं चालली होती ना? मग ती गेली कुठे?"

चिह-हुंग आपल्या वाटीतल्या शेवया ढवळू लागला.

"आ-हुंग, पूल लागला होता का?"

चिह-हुंग माझ्याकडे पाहू लागला. बावन्न वर्षांच्या बहिणीकडे एवढा दाढीवाला माणूस अजून तसेच पाहतो, जसे फोडलेल्या वाटीसमोर उभा राहून पाहायचा.

"मी सांगितलं आप्पांना, आई," मी म्हणाले. "स्वतः सांगितलं."

"तू?" आईच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "तुझं कसं ऐकतील गं ते? तू तर दिलेली मुलगी. दुसऱ्या घरची."

माझा घटस्फोट होऊन सोळा वर्षे झाली आहेत. तेव्हापासून मी तिच्याच घरात राहते, तिची औषधे आणते, तिच्या पायांना तेल लावते. ज्या दुसऱ्या घराची मी आहे, ते घर जगात कुठेही अस्तित्वात नाही.

आईने वाटी सरकवली. ज्यांच्यासाठी पहिली वाटी, तेच नदीपलीकडे राहिले. मग तिने कसे जेवायचे? त्या रात्री ती उपाशी झोपली. तिला साखरेचा आजार आहे. सकाळी सवयीने तिने गोळी घेतली आणि वर पाण्याशिवाय काही घेतले नाही. मी ओरडले, चिह-हुंग पाया पडला. ती गळ्यातली पिशवी मुठीत धरून बसून राहिली. तेव्हा आम्ही मालाचा एक ट्रक ठरवला आणि भाताच्या पोत्यांवर बसून मागे निघालो.

पूल परत ओलांडून आम्ही काल बस चढली त्या टोकाला आलो. जिथे आप्पा थांबले असायला हवे होते, तिथे आई रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसली. तिने दोन नाणी काढली. एक छापा आणि एक काटा पडला तर मृताचा होकार. दोन्ही सारखी पडली तर नकार.

"आप्पा, मी आ-हुंग. चला आता," चिह-हुंग म्हणाला.

दोन्ही काटे.

"आप्पा, चुकलो मी. झोपलो होतो. चला ना."

दोन्ही छापे. पुन्हा टाकली, पुन्हा सारखीच. शेजारच्या शेवयांच्या टपरीवरची लाओ बाई स्टूल घेऊन आली, आई बसेना. तिच्या कपाळावर घाम आला होता. साखर उतरल्याचा तो घाम मी ओळखत होते.

"म्हशी बघत बसले असतील," चिह-हुंग केविलवाणा हसला. आईने त्याच्या पोटरीवर फटका मारला. मग तो रडू लागला, भर रस्त्यात, आणि येणारी-जाणारी वाहने त्याला वळसा घालून जाऊ लागली.

मी साखरेचा खडा आईच्या ओठांशी नेला. तिने तोंड फिरवले.

"आधी ते."

"आई, मरशील इथे."

"मग दोघंही इथेच राहू."

"एकदा वेगळं विचारून बघ," मी तिच्याजवळ चिखलात बसले. "विचार, तुमच्या मुलीच्या, आ-फांगच्या, हाकेला आलात का? ते इथे नसतील, आई. म्हणून नाही म्हणत असतील. कालच आले असतील माझ्याबरोबर. तुझ्या गळ्यातच असतील."

"असलं विचारत नाहीत."

"का?"

"मुलगा जिवंत आहे माझा," ती म्हणाली. "आप्पांना काय वाटेल? काय पाळी आली माझ्यावर, म्हणतील."

"मग मी विचारते. दे नाणी."

तिने मूठ छातीशी ओढून घेतली. त्या वाकलेल्या बोटांत एवढा जोर कुठून आला होता, कोण जाणे. मी उघडू पाहिली; उघडली नाही. लाओ बाई आमच्याकडे बघत उभी होती, म्हणून मी हात सोडला.

नाणी पुन्हा पडली. नकार.

नाणी कशी पडतात याला काही अर्थ नसतो, हे मला समजते. मी शिकलेली बाई आहे. तरीही त्या रस्त्यावर, आई माझ्या डोळ्यांसमोर पांढरी पडत असताना, प्रत्येक नकाराबरोबर माझ्या मनात काहीतरी वर चढत होते. नाहीत ते इथे. आप्पा आले आहेत. ज्या माणसाने गल्ल्यावरून कधी मान वर करून मला विचारले नाही की सासरी काय झाले, तो माझ्या एका हाकेवर पूल ओलांडून आला आहे. आई आता पडेल, तिला उचलून दवाखाना गाठावा लागेल, हे दिसत होते. आणि तरी मला आणखी एक नकार हवा होता.

"आप्पा," चिह-हुंग हुंदक्यांतून म्हणाला, "आई पडेल हो आता. चला."

एक छापा. एक काटा.

"आले!" आई ओरडली. "मुलानं बोलावलं आणि आले बघ!"

तिने नाणी कपाळाला लावली. टपरीवर आप्पांची वाटी मांडली गेली, आई थांबली, मग तिने शेवया तोंडात घातल्या. दोन घासांतच तिच्या गालांवर रंग परतू लागला. चिह-हुंग डोळे पुशीत तिला पंख्याने वारा घालत होता. लाओ बाईने टाळ्या वाजवल्या.

आई वाचली. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. तो झाला नाही असे कोणी म्हणू नये. परंतु कालपासून ते तिथेच उभे होते तर. उन्हात, रस्त्याच्या कडेला, मुलाची वाट पाहत. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

दुपारची बस आली. मी दोन्ही पिशव्या चढवल्या. पूल येताच चिह-हुंग उभा राहिला आणि साऱ्या बसला ऐकू जाईल असा ओरडला. आईने समाधानाने मान हलवली. मी खिडकीबाहेर पाहत तोंड मिटून बसले.