साहेबांची खुर्ची

आम्ही व्हॉलंटिअर्स चहाला बसलो की एक किस्सा निघतो आणि त्याला धरून दुसरा. आमची मुख्य मोइरा म्हणते, "या घरात ओल आणि गोष्टी, दोन्ही भिंतीत मुरतात."

घर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं, एका फार मोठ्या आर्किटेक्टनं बांधलेलं, आता लोकांना बघायला खुलं. दारापासून चमच्यापर्यंत सगळं डिझाइन त्यांचंच. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणतो.

*

माझा पहिला दिवस. दिवाणखान्यात उंच पाठीची काळी खुर्ची, आणि तिच्यावर पाइनचं एक सुकलेलं फळ. आपण पाटावर सुपारी मांडतो ना, अगदी तसं. मी पटकन हात जोडले.

मोइरा बघत होती. "अगं, कोणी बसू नये म्हणून ठेवलंय ते."

"आमच्याकडे सुपारी ठेवली की तिथे कोणी बसत नाही," मी म्हटलं. "तिथे देव बसलेला असतो."

तेव्हापासून हेमिश, आमचे ऐंशी ओलांडलेले व्हॉलंटिअर, रोज आल्यावर त्या खुर्चीला "गुड मॉर्निंग, सर" म्हणतात. मोइरा मान फिरवते. "पोरखेळ."

*

लंडनजवळच्या स्टॅनमोरहून माझ्या जाऊबाई आल्या. खुर्चीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "अगं, हिच्यावर बसलं तर पाठीचं काही खरं नाही."

मी इंग्रजीत सांगितल्यावर हेमिश गंभीरपणे म्हणाले, "खुर्ची पाठीसाठी नाहीच आहे, मॅडम. खोलीसाठी आहे."

*

एक फोटोग्राफर आला होता. "खुर्ची जरा खिडकीकडे वळवू का?"

"खिडकी वळव," मोइरा म्हणाली.

*

साहेबांनी घराला बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला. त्या काळी ते अगदी नवीन. पाणी आत शिरतं, बाहेर काही येत नाही. हेमिश म्हणतात, "साहेबांना शंभर वर्षं पुढचं दिसायचं. समोरचा पाऊस तेवढा दिसला नाही."

हे ते हसत म्हणतात, पण दिवाणखान्यातल्या ओल धरलेल्या एका भिंतीवर साहेबांचे रंगवलेले गुलाब आहेत. हेमिशची बायको जीन इथेच व्हॉलंटिअर होती. मऊ ब्रशनं ती त्या गुलाबांवरची धूळ काढायची. जीन गेली, आणि हेमिश त्या भिंतीशेजारी स्टूल टाकून बसायला लागले. इंजिनिअरनं सांगून टाकलं होतं, वसंतापर्यंत भिंत वाळली नाही तर प्लास्टर काढावं लागेल. गुलाबांसकट.

*

मग घराभोवती स्कॅफोल्डिंग आलं, वर छप्पर आणि चहूबाजूंनी जाळी. वारा आत, पाऊस बाहेर. मी सहज म्हटलं, "आम्ही पापड असेच वाळवतो."

तेव्हापासून हेमिश रोज विचारायचे, "सुषमा, पापडाचं काय?" मी भिंतीजवळ वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अजून ओला आहे." सगळा हिवाळा हेच चाललं होतं.

*

मार्चमध्ये इंजिनिअर मीटर घेऊन आला. भिंतीला लावला, पुन्हा लावला. म्हणाला, "वाळली. प्लास्टर राहू दे."

हेमिशनी टोपी काढली आणि गुलाबांकडे बघत तसेच उभे राहिले. त्या दिवशी घर बंद करायला मोइरा एकटी मागे थांबली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत शिरलो तर खुर्ची वळलेली. तोंड सरळ गुलाबांच्या भिंतीकडे. पाइनचं फळ जागच्या जागी. गालिच्यावर पायांचे जुने खळगे रिकामे.

हेमिश दारातच थांबले. "मोइरा, खुर्ची कोणी हलवली?"

मोइरा पडदे उघडत होती. मागे न वळता म्हणाली, "मला काय विचारतोस? बसलेल्यांना विचार."