टॅबलेट, तात्या आणि मी

अँब्युलन्सवर नोकरी करते म्हटलं की लोक पहिलं विचारतात, "भीती नाही वाटत?" वाटते की! मला तर कुकरच्या शिट्टीनंही दचकायला होतं. पण घाबरवून गेलेली गोष्ट चार दिवसांनी मैत्रिणींना सांगायला बसलं की हसू येतं, आणि असं करता करता किस्स्यांचा ढीग होतो. माझा ढीग गेल्या वर्षभरात जरा जास्तच वाढला, कारण आमच्या गाडीवर नवीन सहकारी आला.

गाडी बारामतीच्या एका खासगी हॉस्पिटलची. इंदापूरकडचे कॉलही आम्हीच घेतो. चालवायला पोपटतात्या, मागे पेशंटजवळ मी. आणि नवीन सहकारी म्हणजे एआयवाला टॅबलेट. ईसीजी वाचतो, रस्ता सांगतो, पेशंटला मराठीत प्रश्न विचारतो, रिपोर्टही स्वतःच लिहितो. थोडक्यात, मी कॉलेजात तीन वर्षं जे शिकले ते सगळं! माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं आणि ऑफिसात कुजबुज सुरू, की पुढच्या वेळी गाडीवर फक्त ड्रायव्हर आणि टॅबलेट. झोप उडायला आणखी काय लागतं?

* * *

पहिल्या दिवशी मी गाडीचं मागचं दार उघडलं आणि आतून बाईचा आवाज आला, "नमस्कार!"

मी किंचाळले. हातातला बँडेजचा डबा थेट रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. शेवटी तात्या खिडकीतून ओरडले, "अगं ऋतुजा, ती नमस्कार करतीया, दम न्हाय देत!"

* * *

लासुर्ण्याचे एक आबा. आयुष्यभर साखर कारखान्यात नोकरी केलेले. कंबरेत उसण भरली म्हणून हलता येईना. टॅबलेटनं विचारलं, "तुमच्या वेदना एक ते दहाच्या प्रमाणात किती आहेत?"

आबांनी डोळे मिटून विचार केला. "साडेअकरा."

"कृपया एक ते दहामधील आकडा सांगा."

"साडेअकरा!"

मी मध्ये पडले. "आबा, दहाच्या आतलं सांगायचं."

आबा माझ्यावरच उखडले. "दहाच्या आत साखरेचा उतारा असतो व्हय? मग कारखाना बंद करायचा का?"

टॅबलेटनं अकरा वेळा प्रश्न विचारला. नंतर स्वतःच लिहिलं, 'रुग्ण संभ्रमात आहे.' आबांना वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "तिलाच तपासा आधी."

* * *

एकदा कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यानं येत होतो. पेशंट पंचविशीचा, पाय मोडलेला, बाकी ठणठणीत. नियम म्हणून ईसीजी लावला, तर टॅबलेट लालेलाल! 'हृदयाचे ठोके अत्यंत अनियमित. जीवघेणा धोका.'

माझेच ठोके अनियमित झाले. मी काच बडवली, "तात्या, थांबा, थांबा!"

तात्यांनी ब्रेक मारला. गाडी थांबली. रेषा ताळ्यावर आली. ठोके एकदम छान.

"चला," मी म्हटलं. गाडी खड्ड्यात गेली, पुन्हा लाल!

तात्यांनी आरशातून सगळं बघितलं. म्हणाले, "तिला म्हणावं, ह्यो पेशंट न्हाय, आमचा रस्ता हाय."

* * *

पण खोटं कशाला बोलू? सांगवीच्या एका वहिनी. सकाळपासून पित्त झालंय म्हणत होत्या, सोडा पिऊन बसल्या होत्या. आम्ही पोचलो तर स्वतः चालत गाडीपाशी आल्या. मलाही वाटलं पित्तच. टॅबलेट म्हणाला, 'हार्ट अटॅकची शक्यता. डॉक्टरांना त्वरित कळवा.'

मी दचकले, आणि कळवलं. खरंच अटॅक होता. वहिनी वाचल्या.

आठ दिवसांनी त्यांचे मिस्टर पेढे घेऊन आले. मी ओढणी नीट करून पुढे झाले. ते म्हणाले, "ते मशीन कुठाय?" आणि पहिला पेढा टॅबलेटसमोर ठेवून हात जोडले! मला दुसरा मिळाला. वहिनी बऱ्या झाल्याचा आनंद खरा होता, पण पेढा काही घशाखाली उतरेना.

टॅबलेटपुढचा पेढा तात्यांनी खाल्ला. "तिला शुगर हाय," म्हणाले.

* * *

आमच्या आईचं वेगळंच. पूर्वी माझ्यासाठी स्थळ आलं की ती 'अँब्युलन्सवर असते' हे अगदी हळू आवाजात सांगायची. हल्ली पाहुणे टेकायच्या आत जाहीर करते, "आमची ऋतुजा एआयमध्ये आहे!"

परवा मुलाचे वडील खूश होऊन म्हणाले, "वा! मग ऑफिस पुण्यात असेल?"

आई जराही न अडखळता म्हणाली, "नाही हो, त्यांचं ऑफिस फिरतं असतं."

* * *

आणि मग देशमाने सर आले. पुण्याहून, टाय लावून. गाडीवर किती माणसं ठेवायची हे तेच ठरवणार होते, आणि त्यासाठी एक अख्खा दिवस आमच्याबरोबर फिरणार होते.

चारच्या सुमारास कॉल आला. अंथुर्ण्याजवळच्या वस्तीवर कोंडाबाई आजी, दम लागलेला. मुलगा-सून लग्नाला गेलेले, फोन शेजारणीनं केला होता. आजी घरात नव्हत्याच. गोठ्यात म्हशीजवळ बसून धापा टाकत होत्या. बोटाला चिमटा लावून बघितलं, ऑक्सिजन चौऱ्याऐंशी!

"आजी, चला दवाखान्यात."

"धार काढल्याबिगर न्हाय येत."

टॅबलेट म्हणाला, "रुग्णाचा नकार नोंदवू का?"

सरांनी टॅबलेटकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तशीच शेणात गुडघे टेकून आजींना मास्क लावायला लागले. तेवढ्यात म्हशीनं मान वळवली आणि मी एवढी दचकले की नळीच हातातून सुटली. मास्कच्या आडून आजी हसल्या.

हसल्या म्हटल्यावर मला जरा धीर आला. "दुसऱ्या कुणी धार काढली तर, आजी?"

"लाथ घालती. माझं लुगडं अंगावर घेतलं तर उभी ऱ्हाती. वासानं."

"मग मी काढते." येत तर अजिबात नव्हतं!

आजींनी माझा हात घट्ट धरला. "तू न्हाय. तू माझ्यापाशी बस."

तात्या बाह्या सारत पुढे आले. "मी काढतो की."

"मग गाडी कोण हाकणार?"

शेजारीण तर म्हशीची वाट सोडून केव्हाच बांधावर जाऊन उभी राहिली होती. आजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती देशमाने सरांवर येऊन थांबली. वरपासून खालपर्यंत त्यांनी सरांना बघितलं आणि धापा टाकत म्हणाल्या, "ह्यो मोकळाच दिसतोय."

तात्या छताकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं आता. कॉन्ट्रॅक्ट, नोकरी, सगळं!

सरांनी टाय काढून खिशात ठेवला. "लुगडं कुठंय?" म्हणाले.

दोरीवरचं लुगडं डोक्यावरून घेऊन सर म्हशीखाली बसले. बादली गुडघ्यात धरली. दोन-तीनदा चुकलं, म्हशीनं पाय आपटला, मग बादलीत धारेचा आवाज यायला लागला. आजी कान देऊन ऐकत राहिल्या. मी मास्क धरून त्यांच्या बोटाच्या चिमट्यावरचा आकडा बघत होते. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी.

"येतंय त्याला," आजी म्हणाल्या. "आता उचला मला."

आम्ही निघालो. सर तिथंच राहिले, कारण धार अर्धी सोडता येत नाही. बारामतीपर्यंत आजींनी माझा हात सोडला नाही. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं आणि तासाभरात सांगितलं, आता काळजी नाही.

अंधार पडायच्या आत सर शेजारणीच्या दिराच्या मोटारसायकलवरून हॉस्पिटलात आले. पँटला शेण, हातात दुधाची किटली. किटली त्यांनी आजींच्या कॉटखाली ठेवली आणि माझ्याकडे टॅबलेट मागितला. त्या फेरीचा रिपोर्ट टॅबलेटनं आधीच भरून ठेवला होता. शेवटचा रकाना होता, 'या फेरीसाठी आवश्यक कर्मचारी'. समोर लिहिलं होतं, एक.

सरांनी शर्टाला बोट पुसलं, एक खोडला आणि तीन लिहिले.