कागदावरच्या तीन पोळ्या

मुलीला लातूरच्या क्लासला घालायचं बायकोनं ठरवलं होतं. ती मुलीबरोबर जाऊन राहणार, मी बिलोलीजवळच्या शाळेत शिकवत राहणार आणि रविवारी जाऊन-येऊन करणार, असा बेत होता. बायको अचानक गेली. बेत तसाच राहिला, फक्त माणूस बदललं. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कुकर, दोन पातेली आणि पोळपाट गोणीत भरला आणि लातूरला दोन खोल्यांत येऊन पडलो.

त्या इमारतीत लेकरांसाठी येऊन राहिलेल्या आया होत्या. बाप मी एकटाच. जिन्यात भेटल्या की त्या हळू आवाजात विचारपूस करायच्या. त्यांना वाटायचं, सर फार दुःखात आहेत. खरं सांगायचं तर मला काहीच होत नव्हतं. सकाळी उठायचो, दूध तापवायचो, कणीक मळायचो. मध्ये दुपार व्हायची, मग संध्याकाळ. बायकोचा फोटो भिंतीवर लावायचा राहिला होता आणि त्याचंही मला काही वाटत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात क्लासनं पालकांसाठी आहारावर एक व्याख्यान ठेवलं. बोलणाऱ्या बाई चांगल्या होत्या. जेवण म्हणजे नुसती पोटाची भरती नव्हे, झोप, मन, घरातलं बोलणंचालणं हे सगळं मिळून आहार होतो, असं त्या तासभर समजावून सांगत होत्या. शेवटी त्यांनी एकेक छापील कागद वाटला. सकाळी भिजवलेले शेंगदाणे, दुपारी वाटीभर वरण, एक पालेभाजी, ताक, पोळ्या तीन, रात्री पुन्हा तेवढंच. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘घरातल्यांनी एकत्र बसून, गप्पा मारत जेवावं.’ ती ओळ मी वाचली आणि सोडून दिली. त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं.

मोजण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. शाळेतली पोषण आहाराची खिचडी वर्षानुवर्षं माझ्याकडे होती. लहान वर्गांना तांदूळ इतका, मोठ्यांना तितका, डाळ किती, तेल किती, हजेरी घेतली की माप ठरलेलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी वही दुसऱ्या शाळांना दाखवली होती. तर तो कागद मी फ्रीजवर चिकटवला, शेजारी रकाने आखले आणि मुलीला त्या वहीसारखं जेवू घालायला लागलो. ती क्लासहून आली की ताट तयार. मी वाढायचो आणि ओट्याकडे तोंड करून भांडी घासायला लागायचो. माझं जेवण मागाहून, उभ्यानं, उरलंसुरलं.

ती रोज तीनातली एक पोळी उचलून डब्यात परत ठेवायची. मला ते दिसायचं. रकान्यात मी ‘एक कमी’ असं लिहायचो. एकदाही विचारलं नाही. अभ्यासानं भूक मरते असं इमारतीतल्या आयाही म्हणत होत्या, तेव्हा मी ते कारण लिहून मोकळा झालो.

असं दीड वर्ष चाललं. तिचे ड्रेस खांद्यावरून उतरायला लागले, तर मी टेलरकडून ते घट्ट करून आणले. आता हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

मग एका दुपारी क्लासमधून फोन आला. जिना चढताना ती घेरी येऊन पडली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, रक्त कमी आहे, वजन फार उतरलंय म्हणाले. असंच चाललं तर परीक्षेचं राहू द्या, पोरगी अंथरुणाला खिळेल. मी खिशातून त्या कागदाची झेरॉक्स काढून त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टरांनी कागद वाचला. ‘चांगलं आहे,’ म्हणाले, ‘पण हे पोटात जातंय का?’ मी हो म्हणालो.

बातमी कळताच दुसऱ्या दिवशी मेव्हणी हिमायतनगरहून एसटीनं आली. बायकोची धाकटी बहीण, बोलायला फटकळ. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि बांधावरची करडईची भाजी. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे मुलीचं ताट वाढलं आणि तिच्या पुढ्यात सरकवलं. मेव्हणीनं ते मध्येच ओढून घेतलं.

‘दाजी, हे काय करून राहिलात तुम्ही? तीन पोळ्या? जित्या माणसाच्या ताटात?’

मी कागदाकडे बोट दाखवलं.

‘कागदाला काय कळतंय? तीन कोनाला वाढतेत, ठावं न्हाई का तुमाला?’

ठाऊक होतं. आमच्याकडे तीन पोळ्या गेलेल्या माणसाच्या ताटात वाढतात. तीनच उरल्या तर बायको एकीचा तुकडा मोडून पलीकडे ठेवायची आणि मी मास्तर म्हणून तिला हसायचो. दीड वर्ष रोज दोन वेळा मी स्वतःच्या लेकीपुढे ते ताट ठेवत होतो.

‘म्हून तू एक उचलून ठिवायचीस व्हय गं?’ मावशीनं विचारलं.

मुलीनं मान हलवली. ‘मला ते खरं वाटत नाही मावशी. पण तीन बघितल्या की आईचं ताट वाढलंय असं वाटायचं.’

‘मग चौथी मागायची की!’

‘कागदावर तीनच होत्या.’ मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘भूक लागायची. पण पप्पा पाठ करून उभे असायचे.’

मेव्हणीनं चौथी पोळी वाढली, मग पाचवी, वर करडईची भाजी. मुलगी मान खाली घालून खात होती, घाईघाईनं. मी बघत होतो. मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. डबा रिकामा झालाय, कणीक भिजवायला पाहिजे, एवढंच मनात आलं.

चार दिवसांनी मेव्हणी गावी गेली. कागद तिनं जाताना काढून टाकला होता. त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटल्या, मेथी केली आणि ताट वाढून पहिल्यांदाच मुलीच्या समोर बसलो. दोन पोळ्या संपल्या. मी न विचारताच अजून एक पोळी वाढायला गेलो. तिनं ताटावर हात आडवा धरला. मला वाटलं, झालं, आता ही माझ्या हातचं घेणार नाही. मग तिनं हात बाजूला केला.

‘भाजी पण वाढा, पप्पा.’

मी पातेल्याकडे वळलो. पातेलं रिकामं होतं. भाजी मी मोजून केली होती.

‘संपली,’ मी म्हणालो, आणि पळी हातात घेऊन तिथंच रडायला लागलो. बायको गेली तेव्हासुद्धा असा रडलो नव्हतो. मुलगी उठली, चटणीची बरणी काढली, फडताळातलं दुसरं ताट घेतलं आणि माझं पान वाढलं.