मुळीक बाईंचं सरकार

दुपारचे अडीच वाजलेत. उद्या सकाळी इतिहास-नागरिकशास्त्राचा पेपर, दहावीचा, बोर्डाचा. आणि शलाका पुस्तक पोटावर उघडं टाकून पेंगते आहे. आळशी नाही हो पोरगी. गणितात पैकीच्या पैकी घेते. पण दिवाळीपासून हे एवढं एक पुस्तक तिच्यानं उघडवत नाही. उघडलं की मुळीक बाई आठवतात, आणि बाई आठवल्या की ती ते मिटूनच टाकते.

मुळीक बाई गडहिंग्लजच्या तिच्या शाळेत हाच विषय शिकवायच्या. त्यांच्या तासाला नागरिकशास्त्र पाठ करायचं नसे, करून बघायचं असे. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला त्या म्हणाल्या, "आणा माझ्याविरुद्ध अविश्वास ठराव!" शलाका विरोधी पक्षनेता. बाई पीटीचा तास इतिहासाला पळवतात, या मुद्द्यावर तिनं असं भाषण ठोकलं की ठराव एकतीस विरुद्ध चौदा मतांनी मंजूर. "पडलं बाई सरकार," म्हणत बाई हसत हसत वर्गाबाहेर गेल्या. सुट्टीत एका पहाटे त्या झोपेतच वारल्या. आपण बाईंसाठी शेवटचं काय केलं, तर त्यांना वर्गातून घालवलं, हे शलाकाच्या मनातून काही केल्या जात नाही.

पंखा कुरकुरतो आहे. 'संसदीय शासनपद्धती' असं तिसऱ्यांदा वाचता वाचता ओळ पानावरून उतरते आणि चालू लागते. शलाका तिच्या मागं मागं जाते.

वर्ग आहे, दहावी ब. पण बाकं एसटी स्टँडवर मांडलेली आहेत. फळ्यावर गाड्यांचं वेळापत्रक आहे: १८५७ फलाट दोनवरून सुटणार, १९४७ वेळेवर. आणि चौकशीच्या खिडकीत, पोपटी साडी नेसून, चष्मा कपाळावर चढवून...

"काय गं, पेपर तोंडावर आलाय आणि झोपा काढतेस?"

बाई गेल्यात हे शलाकाला पक्कं ठाऊक आहे. तरी नवल म्हणून वाटत नाही. आनंद मात्र असा होतो की पोटात गुदगुल्या व्हाव्यात.

"बाई! बाई, मी तुम्हाला पाडलं हो."

"पाडलंस की! आणि काय भाषण होतं! घरी जाऊन आमच्या ह्यांना सगळं करून दाखवलं मी. हसून हसून ठसका लागला त्यांना."

"पण मग तुम्ही परत आलाच नाहीत."

बाई खिडकीतून तिच्याकडं बघतात. पेपर तपासताना बघायच्या तसंच. "पुढील विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा. शलाकानं बाईंना घालवलं."

"चूक?"

"कारण? कारणाशिवाय गुण नाहीत माझ्याकडं."

"कारण... तुमचं हृदय बंद पडलं. ठरावानं नाही."

"एक गुण. आता दुसरं. सरकार पडलं की कारभार बंद होतो का?"

"नाही बाई. नवं सरकार येईपर्यंत जुनंच काळजीवाहू म्हणून काम बघतं."

"आणि तुम्ही नवं निवडलंत?"

"सुट्टी लागली ना." शलाकाचं तोंड उघडंच राहतं. "म्हणजे, तुम्ही अजून?"

"अजून! म्हटलं, आता तरी निवांत पाय पसरून बसू. कुठलं काय! दिवाळीपासून दहावी ब चा कारभार माझ्याच गळ्यात. एक निवडणूक घेता येईना होय गं तुम्हाला?"

दोघी इतक्या हसतात की फलाट दोनवरची गाडी थांबून बघते.

गाडीचं दार उघडतं, तर आत मतदान केंद्र. पुठ्ठ्याचा आडोसा, मागं यंत्र. यंत्रावर दोनच बटणं. एकापुढं लिहिलंय, शलाका. दुसऱ्यापुढं, वरीलपैकी कोणीही नाही.

"बाई, मला अठरा पूर्ण नाहीत."

"बघ, येतंय की सगळं! दाब आता."

"मला नाही जमायचं. तुम्ही नसताना पुस्तकच वाचवत नाही मला. मी खालचंच दाबते."

"दाब. तुझा हक्क आहे तो. पण एवढं ऐक. मला तुमच्याकडनं ठराव हवा होता, तो तू जिंकून दाखवलास. तीस वर्षांत तेवढी मजा मला कधी आली नव्हती. रडतेस कशाला, वेडे?" बाईंचा हात तिच्या डोक्यावर येतो, खडूच्या वासाचा, चांगला ऊबदार. मग त्या पाठ फिरवतात. "गुप्त मतदान आहे. मी बघणार नाही."

शलाका त्या पोपटी पाठीकडं बघते. पोटभर बघून घेते. मग बटण दाबते.

बीप वाजतो तो थांबतच नाही. लांबत लांबत दूधवाल्याचा हॉर्न होतो. चार वाजलेत. पंखा कुरकुरतोच आहे, उशी ओली आहे, आणि ओठांवरचं हसू काही पुसलं जात नाही.

तोंड धुवायला ती मोरीत जाते. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर, नखापासून कातडीपर्यंत, काळ्या शाईची एक ताजी रेघ. साबण लावून बघते, खोबरेल चोळून बघते. जाईल तर शपथ!

"कुठं गं मत देऊन आलीस?" आई दुधाचं पातेलं घेऊन दारातच थांबते. "आणि कुणाला?"

"ते सांगायचं नसतं, आई."

ती खोलीत येते, मांडी घालून बसते, पुस्तक पहिल्या पानापासून उघडते आणि खणखणीत आवाजात वाचायला लागते. आई चहा घेऊन येते तेव्हा तिसरा धडा चाललेला आहे, आणि शाईचं बोट ओळीखालून सरसर पुढं जातं आहे.