मुंग्यांचं पान

माफ करा, कुणाविषयी लिहावं एवढा मी मोठा नाही. माझ्याआधी आमच्या घरातल्या कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. पण असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, म्हणून लिहितो.

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. कुणी काही सांगू लागलं की चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे, "बघितलंस का वाचलंस?" वाचलंय म्हटलं की तोंड फिरवायचे.

शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प होता जोतिबाच्या बाजूला सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, सापडणाऱ्या अंगठ्याएवढ्या बेडकाचा. तो राहतो कुठं, खातो काय. मी दोन बेडूक काचेच्या पेटीत ठेवले आणि त्यांना चावू नयेत म्हणून मुंग्या मारून आत टाकल्या. तीन दिवस बेडकांनी तोंड उघडलं नाही.

"मढं खायला त्यो काय गिधाड हाय व्हय?" मामा म्हणाले. "हाललं तरच त्येला दिसतंय. वाचून वाचून डोळं गेल्यात तुमचं."

रविवारी ते मला सड्यावर घेऊन गेले. बेडूक सोडले. मग जांभ्या दगडाखालच्या ओलसर फटीसमोर आम्ही दोघं पालथे पडून राहिलो. अळी गेली, नाकतोडा गेला, बेडूक ढिम्म. मुंग्यांची रांग आली आणि बेडकाची जीभ चालू झाली.

"ह्ये लिव्ह," मामा म्हणाले. "माझं नाव नको. मुंग्या लिव्ह."

मी एक अख्खं पान लिहिलं.

प्रकल्प तपासणाऱ्या आमच्या सरांच्या बुटांना सड्याची लाल माती कधी लागलेली नाही. पान वाचून ते हसले. "शिपायाच्या तोंडचं शास्त्र. पुस्तकात 'लहान कीटक व अळ्या' आहे ना? तेवढंच ठेव."

मी पान काढून टाकलं. सरांना निदान माहीत नव्हतं. मी तर पाहिलं होतं. पहिला वर्ग मिळाला. घरी पेढे वाटले.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "लिव्हलंस न्हवं मुंग्यांचं?"

"व्हय मामा," मी म्हणालो.

त्यानंतर ते गडमुडशिंगीला घरी बसले. मी त्या रस्त्यानं जायचंच सोडलं.

गेल्या महिन्यात दाखला आणायला कॉलेजात गेलो, तेव्हा ग्रंथपाल मॅडमनी सांगितलं, "मामा येऊन गेले होते रे, निवृत्तीनंतर आठवड्याभरातच. तुझा प्रकल्प मागून घेतला. बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा पहिल्या पानापासून. मी विचारलं, काय शोधताय? तर म्हणाले, 'काय न्हाय. पोरगं शिकलं.'"